तहान आणि तारतम्य

वऱ्हाडचा उन्हाळा म्हणजे काय हे वऱ्हाडकरांस सांगण्याचे कारण नाही. मे २०२० मध्ये अकोल्याचा पारा ४७ अंशांच्याही वर गेला होता. अशा मुलखात ‘पाणी भरपूर प्या’ असा उपदेश कोणी केला तर त्यास नावे ठेवणे प्रथमदर्शनी कोणासही रुचणार नाही. परंतु उपदेश कितीही हिताचा असला, तरी तो कोणास, केव्हा आणि किती लागू आहे हे न पाहता सर्वांस सरसकट लावला, म्हणजे त्याची रूढी बनते. आणि रूढी जुनी असो वा नवी, तिची तपासणी करणे हे आम्ही आपले कर्तव्य समजतो. पाण्याविषयी अशीच एक नवी रूढी हल्ली अमरावती-अकोल्याच्या सुशिक्षित घरांत शिरली आहे. पहाटे उठून दोन लिटर पाणी एका दमात पोटात ढकलावे, तहान असो वा नसो दिवसाकाठी चार-पाच लिटरांचा हिशेब पुरा करावा, म्हणजे अंगातील सर्व विष धुऊन जाते, असे तिचे प्रवर्तक सांगतात. आमचे म्हणणे इतकेच की, तहान ही शरीराने केलेली तक्रार आहे. तक्रारीचे कारण शोधावयाचे असते. तिला पाण्यात बुडवून गप्प करावयाचे नसते.

निरोगी मनुष्याच्या रक्तात सोडियमचे, म्हणजे मिठाच्या मुख्य अंशाचे, प्रमाण लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल इतके असते. ते वाढू लागले की मेंदू तहान लावतो, आणि घटू लागले की मूत्रपिंडे जादा पाणी बाहेर टाकतात. परंतु मूत्रपिंडांच्या शक्तीसही मर्यादा आहे. तासाभरात सुमारे एक लिटरहून अधिक पाणी त्यांना सहसा बाहेर टाकता येत नाही. त्याहून अधिक पाणी सतत पोटात गेले म्हणजे रक्त पातळ होते, पेशी फुगतात, आणि कवटीत कोंडलेल्या मेंदूस फुगण्यास जागा नसल्यामुळे डोकेदुखी, ओकाऱ्या, भ्रम, झटके आणि क्वचित मृत्यू असा क्रम सुरू होतो. ही केवळ पुस्तकी भीती नव्हे. अमेरिकेतील बोस्टन शहराच्या २००२ सालच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत ४८८ धावकांचे रक्त तपासले, तेव्हा त्यांतील शेकडा १३ जणांच्या रक्तातील सोडियम प्रमाणाखाली उतरलेले आढळले; आणि शर्यतीत ज्यांचे वजन घटण्याऐवजी वाढले होते, म्हणजे ज्यांनी घामाहून अधिक पाणी प्यायले होते, त्यांच्यात हा दोष विशेष होता. २००७ सालच्या जानेवारीत त्याच देशातील सॅक्रामेंटो येथे एका आकाशवाणी केंद्राने पाणी पिण्याची चढाओढ लावली, आणि तीत भाग घेतलेली एक तरुण माता प्राणास मुकली. पाण्यासारखी निरुपद्रवी वस्तूही प्रमाण सुटले की विष होते, याहून निराळा पुरावा कशास हवा ?

मौज अशी की, ज्या ‘आठ पेल्यां’चा शास्त्र म्हणून दाखला दिला जातो, त्यास शास्त्राचा आधार फारच थोडा. १९४५ साली अमेरिकेतील अन्न व पोषण मंडळाने मनुष्यास दिवसास अडीच लिटर पाणी लागते असे सांगितले, आणि त्यातील बहुतेक भाग शिजविलेल्या अन्नातूनच मिळतो असेही त्याच ठिकाणी नमूद केले. लोकांनी पहिले वाक्य उचलले व दुसरे टाकून दिले ! २००२ साली हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडशास्त्रज्ञाने ह्या समजुतीचा मागोवा घेतला, तेव्हा निरोगी माणसाने आठ पेले पाणी प्यालेच पाहिजे असे ठरविणारा पुरावा त्यास सापडला नाही. ज्यांना परकीय आधार नको असेल त्यांनी आपला वाग्भट पाहावा. शरद आणि ग्रीष्म वगळता निरोगी मनुष्यानेही पाणी बेतानेच प्यावे, असा त्याचा अभिप्राय आहे.

यावर कोणी विचारील, ‘मग उन्हात राबणाऱ्या शेतमजुराने पाणी कमी प्यावे असे तुम्हांस म्हणावयाचे आहे काय ?’ मुळीच नाही. वाग्भटाने ग्रीष्माचा अपवाद उगाच केलेला नाही. वखरामागे चालणाऱ्याने वा डोक्यावर विटा वाहणाऱ्या बाईने तहान लागताच, आणि थोड्या थोड्या वेळाने, पाणी प्यालेच पाहिजे. ते तिला प्यावयास मिळेल इतकी सावली व सवड देणे हे कामावर ठेवणाऱ्याचे कर्तव्य आहे. मात्र घामाबरोबर मीठही जाते, हे विसरता कामा नये. आमच्या घरचे मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे व आंबील यांत हे शहाणपण पूर्वीपासून आहे. १९७१ साली बंगालातील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीने माणसे मरत असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व पाणी यांच्या मिश्रणाने असंख्य प्राण वाचविले. जुलाब-ओकाऱ्यांच्या वेळी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक गृहिणीस मुखोद्गत असावे. नुसत्या पाण्याने हे काम होत नाही.

आता तहानेच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. चरकसंहितेत तृष्णा हा स्वतंत्र रोग गणला आहे. आमच्याकडे मात्र कोणाची तहान वाढली, रात्री तीन-चार वेळा उठावे लागू लागले, तर ‘उष्णता झाली’ एवढे म्हणून सब्जा, गुलकंद व उसाचा रस यांवर भागविण्याची वहिवाट आहे. वास्तविक ही मधुमेहाची पहिली हाक असू शकते. रक्तातील साखर साधारणतः शेकडा मिलिलिटरमागे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती लघवीतून सांडू लागते व जाताना पाणी ओढून नेते. म्हणून घसा कोरडा पडतो. अशा मनुष्यास रस आणि शरबत पाजणे म्हणजे आगीत तेल ओतणेच होय. उपाशीपोटी रक्तातील साखर १२६ वा अधिक भरली, तर तपासणी पुन्हा करून निदान पक्के करावे, असा वैद्यकाचा नियम आहे. एका थेंब रक्ताने जे कळू शकते, ते दृष्टी मंदावेपर्यंत वा पायाची जखम चिघळेपर्यंत अंधारात ठेवणे हा दैवाचा दोष नव्हे, आळसाचा आहे. त्यातही घरातील स्त्रियांची तहान कोण मोजतो ? सर्वांस पाणी देऊन शेवटी पिणारीने आपली तक्रार सांगावी तरी कोणास ?

परंतु ज्या तहानेने वऱ्हाडचे काळीज खरोखर पोखरले आहे, ती शरीरातून नव्हे तर जमिनीतून उठते. पूर्णेच्या गाळाच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा ह्या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा सर्वांस ठाऊक आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, संग्रामपूर ह्या भागांतील शेकडो गावांत विहिरीचे व बोअरचे पाणी खारट लागते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा इलाजच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत. त्याहून खारट पाणी पिणाऱ्याची स्थिती चमत्कारिक होते. पाण्याबरोबर आलेले मीठ बाहेर टाकण्यासाठीच पाणी खर्ची पडते, आणि पिऊनही तो तहानलेलाच राहतो. घामात गेलेले मीठ भरून काढणे निराळे, आणि बारा महिने तेरा काळ खारे पाणी पिणे निराळे. ह्या दुसऱ्याने रक्तदाब वाढतो. मूत्रपिंडाच्या विकारांची ओरडही ह्याच गावांतून वर्षानुवर्षे ऐकू येते. अशा रुग्णास शेजारी प्रेमाने सांगतात, ‘पाणी खूप पी, किडनी धुऊन निघेल !’ मूत्रपिंडे निकामी होत चाललेल्या मनुष्याचे पाणी वैद्य मोजून देतात, कारण ते बाहेर टाकण्याचे द्वारच बंद होत असते. अडलेले पाणी अंगावर सूज आणते व फुप्फुसात साचून श्वास कोंडते. शहरातील शौकाचा उपदेश खेड्यातील रुग्णाच्या जिवावर कसा उठतो, हे येथे स्पष्ट दिसते. आमचा सर्व आक्षेप ह्याचसाठी आहे.

तेव्हा करावयाचे काय ? सातपुड्यातून उतरणाऱ्या वान व शहानूर नद्यांवर धरणे झाली आणि त्यांचे गोड पाणी नळाने खारपाणपट्ट्यात आले, हे उत्तम झाले. परंतु नळ असणे आणि नळास पाणी असणे ह्या दोन गोष्टी आहेत. ज्या दिवशी नळ कोरडा, त्या दिवशी गरीब पुन्हा खाऱ्या विहिरीवर जातो आणि ऐपत असलेला पाण्याचा कॅन विकत घेतो. सबब आमच्या तीन सूचना आहेत. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या पाण्यातील क्षारांचे प्रमाण फळ्यावर ठळक अक्षरांत लिहावे. आठवडी बाजाराच्या दिवशी रक्तातील साखर, रक्तदाब व मूत्रपिंड यांची तपासणी विनामूल्य व्हावी. आणि पाणीपुरवठ्याचा हिशेब घातलेल्या नळांच्या लांबीवरून नव्हे, तर पाणी आलेल्या दिवसांवरून मागितला जावा.

शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेल्यास अन्न यानंतर लगेच तहानलेल्यास पाणी येते. हे पुण्य पाणपोईवर रांजण भरून ठेवल्याने पुरे होत नाही. रांजणातील पाणी पिण्याजोगे आहे काय, आणि पिणाऱ्याची तहान कशाची आहे, हे दोन प्रश्न विचारणे हाही त्याच पुण्याचा भाग आहे. ते विचारण्यास खर्च थोडा आहे. न विचारण्याची किंमत वऱ्हाड आजवर माणसांनी मोजीत आला आहे.