परवाना कोणाचा?

उल्हासनगरच्या आमच्या गटातल्या, जीन्सचे धागे कापणाऱ्या बायकांनी ठरवलं : लक्षद्वीपला जायचं. चार दिवस नुसतं निवांत बसायचं. खर्च मोठा, म्हणून दोन वर्षांची भिशी लावली. अंबरनाथ-बदलापूरच्या मैत्रिणीही त्यात आल्या. मी माहिती काढली : कल्याणहून मंगला-लक्षद्वीप एक्स्प्रेसने एर्नाकुलम, कोचीहून जहाज, बेटावर उतरायला सरकारी परवाना. पण बैठकीत पहिला प्रश्न आला, "घरी स्वयंपाक कोण करणार?" म्हणजे खरा परवाना घरचाच!

त्याहून खटकलं ते आपल्यातल्याच एका कार्यकर्तीचं बोलणं : "शिबिर असतं तर ठीक, ही चैन कशाला?"

२०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यावर रोज सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. मधल्या सव्वातीन तासांत आपली विश्रांती गेली. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं २४ वं कलम विश्रांतीला हक्क म्हणतं. मग शिबिराची सबब कशाला?

मैत्रिणींनो, गटाच्या वर्षाच्या कार्यक्रमात सहल घ्या. आणि निघताना चार दिवसांचा स्वयंपाक करून ठेवू नका.