नळीत डोकावणारा डोळा

२०२५ च्या दिवाळीत भोपाळ, विदिशा, ग्वाल्हेर आणि मध्य प्रदेशातील इतर गावांमधून शंभराहून अधिक जण डोळ्यांना इजा होऊन रुग्णालयांत पोहोचले. त्यांत मुलेच अधिक होती आणि काहींची दृष्टी परत आली नाही. कारण ठरली ‘कार्बाइड गन’. प्लास्टिकचा पाइप, शेगडी पेटवायचा लायटर आणि कॅल्शियम कार्बाइडचे खडे, एवढाच तिचा संसार. दीडशे-दोनशे रुपयांत रस्त्यावर मिळणारी ही वस्तू मुलांपर्यंत पोहोचवली ती समाजमाध्यमांवरील चित्रफितींनी. त्यानंतर बंदी, धाडी आणि गुन्हे हे सारे रीतसर झाले, आणि ते आवश्यकही होते.

मात्र या बातमीतील एक तपशील फारशा चर्चेविना मागे पडला. अनेक मुलांना इजा झाली ती बार उडाला तेव्हा नव्हे, तर तो उडाला नाही म्हणून पाइपात डोकावून पाहताना. अपेक्षित घटना घडली नाही, तेव्हा ती का घडली नाही हे पाहायला मूल पुढे झुकले. वैज्ञानिक वृत्ती म्हणतात ती याहून वेगळी काय असते? त्या मुलाकडे कुतूहल होते. एक साधी गोष्ट तेवढी त्याला कोणी सांगितली नव्हती: ‘घडले नाही’ याचा अर्थ ‘घडणार नाही’ असा होत नाही.

कार्बाइडला पाणी लागले की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि मागे विरी गेलेला चुना उरतो. स्वयंपाकाचा गॅस हवेत साधारण दोन ते दहा टक्के असेल तरच पेट घेतो; ॲसिटिलीनची मर्यादा मात्र अडीच टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांच्याही आसपास जाते. ठिणगीही अगदी क्षीण पुरते. लायटर एकदा दाबून काही झाले नाही, तर ठिणगी नीट पडलेली नसते किंवा वायू पुरेसा साठलेला नसतो. आतली अभिक्रिया चालूच असते. म्हणजे ज्या क्षणी मुलाला पाइप निरुपद्रवी वाटतो, तोच क्षण सर्वांत धोक्याचा. शिवाय स्फोटाबरोबर उडणारा चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने बुबुळाला भाजतो, ते निराळेच.

अशा घटनांनंतर शाळांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: विज्ञानाच्या कपाटाला आणखी एक कुलूप. परिपत्रक निघते, स्पिरिटचा दिवा अडगळीत जातो, शिक्षक फळ्यावर आकृती काढतात आणि मुले निरीक्षणे ‘फेअर’ वहीत उतरवतात, तीही मागच्या वर्षीच्या वहीतून. शिक्षकाचा दोष यात थोडा आहे. अपघात झाला तर नोटीस त्याच्याच नावाने निघते, प्रयोग झाला नाही तर कोणी विचारत नाही. परंतु कुलपाने मुलाचे कुतूहल थांबत नाही. ते गच्चीवर जाते, आणि तिथे शिकवायला मोबाइलचा पडदा असतो.

विशेष म्हणजे याच मध्य प्रदेशात १९७२ मध्ये, तत्कालीन होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत, मुलांनी स्वतःच्या हाताने प्रयोग करीत विज्ञान शिकण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे तो कित्येक जिल्ह्यांत पसरला. स्वस्त साहित्य, मुलांचे लहान गट, ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तके. तीस वर्षांनी, २००२ मध्ये, राज्य शासनाने तो बंद केला. कार्यक्रम चालू असता तर पाइपात कोणी डोकावले नसते, असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. खेड्यातल्या साध्या शाळेतही प्रयोग होऊ शकतात, एवढे मात्र त्याने दाखवून दिले.

सुरक्षितता म्हणजे भिंतीवरचा ‘हात लावू नये’ हा फलक, ही समजूत आधी सोडायला हवी. सात-आठ वर्षांच्या मुलाला लिंबाचा रस आणि खायचा सोडा द्यावा. रस बाटलीत, सोडा फुग्यात. फुगा बाटलीच्या तोंडावर चढवून उभा करायचा. त्याआधी तीन प्रश्न: काय होईल असे वाटते? सोडा किती चमचे? चेहरा कुठे असेल? शेवटचा प्रश्न मुलांना गमतीचा वाटतो आणि म्हणूनच लक्षात राहतो. फुगा फुगल्यावर विचारावे की, फुग्याऐवजी घट्ट बूच लावले असते तर? क्षणभर वर्ग गप्प होतो, मग कोणीतरी ‘उडालं असतं!’ म्हणते. बंद जागेतील वायूचा दाब त्या मुलाला समजला, आणि तोही बाटली न फोडता.

वास घ्यायचा तर हाताने वारा घालून. परीक्षानळीचे तोंड स्वतःकडे नको, शेजाऱ्याकडेही नको. भिंगाने कागद जाळताना सूर्याकडे पाहायचे नाही. विजेचे प्रयोग दीड व्होल्टच्या सेलवर, भिंतीतल्या २३० व्होल्टवर कधीच नाही. आणि जुन्या मोबाइलची बॅटरी फोडायची नाही. डोळ्यात रसायन गेले तर चोळायचे नाही; स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धूत राहायचे आणि डॉक्टरांकडे जायचे. ज्वाला हवीच असेल तर काडी मोठ्यांनी ओढावी, ओढणी खोचलेली असावी. वर्गात पन्नास मुले आणि एकच शिक्षक, ही अडचण खरी आहे. पण गटाला चमचाभर सोडा दिल्याने पन्नास मुलांच्या वर्गात फार तर सांडलवंड होते.

अटल टिंकरिंग प्रयोगशाळा सुमारे दहा हजार शाळांत आहेत आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५०,००० ची घोषणा झाली. त्या सहावीपासून पुढच्या मुलांसाठी आहेत. धोका ओळखण्याची सवय मात्र त्याआधी लागते. त्यांतील अनेक शाळांच्या आवारात तिसरी-चौथीचे वर्गही भरतात. आठवड्यातून एक तास ती खोली त्यांना मिळावी, एवढ्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. लागते ती किल्ली, आणि ती बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असते.