अननसाचा पुरवठा रबरावर का अवलंबून?

पन्हाळ्यावर तिखट-मीठ लावून खाल्लेली अननसाची फोड बहुधा केरळची असते. देशातलं बरंच पीक ईशान्येकडचं, पण ते आपल्याला लांब पडतं.

केरळात अननस मुख्यतः रबराच्या नव्या लागवडीत, पहिली ३-४ वर्षं आंतरपीक म्हणून घेतात. रबराची लागवड थंडावली की अननसाची जमीनही घटते. भाव वाढले म्हणून लगेच लावला, तरी फळ यायला वर्ष-दीड वर्ष जातं.

शेजारच्या सिंधुदुर्गात, दोडामार्गला केरळी बागायतदारांनी हीच शेती आणली. मात्र जंगलतोडीमुळे उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला मनाई केली. त्यामुळे जवळचा अननस हवा असेल, तर तो जंगल न तोडता, आहे त्याच शेतात पिकवावा लागेल.