हात काळे झाले तर होऊ देत!

गेल्या वर्षी दीड महिना धाकट्या बहिणीकडे कॅलिफोर्नियाला राहून आले. आल्यापासून सगळ्याजणी विचारतात, "अमेरिकेत काय काय बघितलंत?" मी सांगते, "भंगाराचं आवार!" त्यांना थट्टाच वाटते.

त्याचं असं झालं. बहिणीच्या जुन्या गाडीचा बाजूचा आरसा फुटला. नवा फार महाग. रविवारी ती म्हणाली, "ताई, जुना ड्रेस घाल आणि पायात बूट. चल." गावाबाहेर एका आवाराशी गाडी थांबली. दारात माणशी दोन-तीन डॉलर देऊन आत गेलो. मोठ्या मैदानात शेकडो मोडक्या गाड्या, कंपनीवार रांगेत. चाकं काढून लोखंडी रिंगांवर टेकवलेल्या, पेट्रोल-ऑइल आधीच काढून घेतलेलं. मदतीला मेकॅनिक नाही. पाने आपले, मेहनत आपली. हवा तो पार्ट आपण खोलायचा आणि जाताना पैसे द्यायचे. भाव फलकावर लिहिलेले. आरसा कुठल्याही गाडीचा घ्या, किंमत तीच.

लग्नाआधी फ्यूज उडाला की बाबांना हाका मारणारी माझी बहीण! तिने दाराच्या आतलं त्रिकोणी झाकण उचकटलं, दहा नंबरच्या पान्याने तीन नट सोडवले, वायरची पिन ओढली आणि आरसा हातात! पलीकडे एक आजीबाई गाडीचा दिवा काढत बसल्या होत्या. त्यांच्याकडे कुणी वळूनही बघत नव्हतं.

मला मात्र आमच्या बचत गटातली एकजण आठवली. ती स्कूटीवरून जेवणाचे डबे पोचवते. गाडी बंद पडली तेव्हा गॅरेजवाल्याने तीन पार्ट बदलले म्हणून दीड हजार घेतले. कोणते पार्ट, जुने कुठे गेले, हिने विचारलंच नाही. "मला त्यातलं काय कळतंय, ताई?" म्हणाली.

का कळू नये? कुकरची रिंग आपण बदलतो, शिलाई मशीनचा पट्टा चढवतो. मग गाडीलाच का घाबरायचं? चालवतो आपण, हप्ते भरतो आपण. पण ती उघडली की, हे पुरुषांचं काम म्हणून लांब उभ्या राहतो. या लांब उभं राहण्याचीच किंमत आपण मोजतो.

सगळे गॅरेजवाले फसवतात असं मुळीच नाही. आपल्याकडे कुर्ल्याला, दिल्लीत मायापुरीला जुने पार्ट मिळतात; तिथे जाऊन गाड्या खोला असंही मी म्हणत नाही. फक्त गाडी दुरुस्त होताना शेजारी उभ्या राहा. प्लग कुठे, एअर फिल्टर कुठे, विचारा. बदललेला पार्ट परत मागा, बिल घ्या. जुना पार्ट घ्यायची वेळ आली तर आरसा, हँडल, सीट चालेल. ब्रेक, टायर, सीटबेल्ट यांत मात्र काटकसर नको, तिथे जिवाशी गाठ आहे.

आमच्या गटाने पुढच्या बैठकीला एका मेकॅनिकदादांना बोलावलंय. स्कूटीचा प्लग काढून, पुसून, परत बसवायला ते शिकवणार आहेत. पहिला पाना कुणाच्या हातात द्यायचा तेही ठरलंय, डबेवालीच्या! हात काळे होतील म्हणून साबणाची वडी मी नेणार आहे.