गुण कोणाकडे पाठवावेत?

व्यापारी घरातील मुलाने पदवी मिळताच पेढीवर बसावे, ही रीत आता पुष्कळशी मागे पडली आहे. बेळगाव, इंदूर, बडोदे येथील मुलेच नव्हे तर मुलीही व्यवस्थापनाच्या उच्च शिक्षणासाठी परदेशी, अथवा हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेससारख्या संस्थेत जाऊ इच्छितात. अशा संस्था ज्या प्रवेशपरीक्षांचे गुण ग्राह्य मानतात, त्यांत जीमॅट ही प्रमुख होय. तिच्या तयारीची चर्चा घरोघर होते. परंतु मिळालेले गुण कोणाकडे पाठवावयाचे, हा प्रश्न अखेरच्या घटकेपर्यंत कोणी मनावर घेत नाही. आमच्या मते विवेकाची कसोटी नेमकी येथेच लागते.

अमेरिकेत १९५४ साली निराळ्या नावाने सुरू झालेल्या या परीक्षेस १९७६ साली जीमॅट हे नाव मिळाले. पूर्वी केंद्रावर परीक्षा देणाऱ्यास आपल्या पाच विनामूल्य गुणपत्रिका कोणाकडे जाव्यात, हे प्रश्नपत्रिका पाहण्याआधीच सांगावे लागे. माल तयार होण्यापूर्वीच गिऱ्हाइकाचे नाव लिहून द्यावे, तसाच हा प्रकार होता! नोव्हेंबर २०२३ मध्ये परीक्षेचे नवे स्वरूप आले आणि ही अडचण दूर झाली. अधिकृत गुण हाती आल्यावर ४८ तासांच्या आत पाच ठिकाणे निवडण्याची मुभा मिळाली. त्यापुढील प्रत्येक पत्रिकेस मात्र शुल्क पडते. शिवाय जी परीक्षा आपण निवडू तिचेच गुण संस्थेस कळतात. आधीच्या प्रयत्नांचे नाहीत. गुण पाच वर्षे ग्राह्य राहतात.

ही मुभा मोठी खरी. तथापि ४८ तास म्हणजे दोनच दिवस. त्या दोन दिवसांत घरात काय घडते? वडील मंडळी जुना आकडा काढतात. थोरल्या भावास पूर्वी ७०० मिळाले होते, धाकट्या बहिणीस ६४५च. तेव्हा तिने मोठ्या विद्यापीठाची आशा धरू नये, असा निवाडा होतो. हा निवाडा सर्वस्वी चुकीचा आहे. जुनी मोजणी २०० ते ८०० अशी होती, नवी २०५ ते ८०५ अशी आहे, आणि दोहोंचे माप एक नव्हे. नव्या मापातील ६४५ हे जुन्या ७०० च्या जवळपास तोलाचे आहेत. जुन्या शेराने मोजलेला माल आणि नव्या किलोने मोजलेला माल यांचे नुसते आकडे जुळवून कोणी व्यापारी भाव ठरवील काय? मग मुलीचे भवितव्य तसे का ठरवावे? आकड्यापेक्षा पर्सेंटाइल पाहावे, म्हणजे किती परीक्षार्थी आपल्या मागे आहेत हे कळते.

कोणी म्हणेल, पाच पत्रिका विनामूल्य आहेत, तर पाच नामांकित संस्थांकडे धाडून मोकळे व्हावे. आम्हांस हे पटत नाही. पत्रिका फुकट जाते, पण अर्ज फुकट जात नाही. प्रत्येक अर्जामागे शुल्क असते, निबंध असतात, शिफारसपत्रे असतात, आणि विद्यार्थ्याचे कित्येक दिवस खर्ची पडतात. शिवाय अनेक संस्था अर्जात विद्यार्थ्याने स्वतः नमूद केलेले गुण प्रथम मान्य करतात आणि अधिकृत पत्रिका प्रवेश निश्चित होतेवेळी मागतात. तेथे उगाच घाई करून विनामूल्य पत्रिका खर्च करण्याचे कारण नाही.

यास्तव आमची सूचना अशी की, संस्थांची यादी परीक्षेपूर्वीच तयार असावी. प्रत्येक संस्थेच्या मागील तुकडीचे गुण, अभ्यासक्रमाची मुदत, एकूण खर्च, नोकरीच्या अनुभवाची अट आणि पत्रिका केव्हा लागते, हे पाच रकाने आखून घ्यावेत. गुण हाती येताच त्या यादीशी ताडून निर्णय करावा. वडिलांनी खर्चाची बाजू स्पष्ट सांगावी. परंतु अखेरची निवड ज्यास तेथे शिकावयाचे आहे त्याची, अथवा तिची, असावी. पेढीची प्रतिष्ठा वाढावी म्हणून एखादे झगझगीत नाव मुलावर लादणे हा हिशेब नव्हे, हौस होय. आणि परक्याच्या हौसेपायी आयुष्याची दोन वर्षे मोजणे तरुणांस परवडणारे नाही.