बंदुकीबरोबर दिलेली चिठ्ठी

खंडेनवमीच्या सकाळी मुंबईलगतच्या शांती नगरातल्या आमच्या घरी पाटावर कात्री, सुरी, पाना आणि पक्कड मांडली जाते. कोकणातल्या गावच्या घरी त्याच पाटावर आजोबांची ठासणीची बंदूक असायची. नळीला तेलाचा हात, दस्त्याला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. भात पोटरीला आलं की रानडुकरं एका रात्रीत वाफेच्या वाफे लोळवतात, म्हणून शेतीच्या राखणीसाठी परवाना काढलेला. ही बंदूक आजोबांना त्यांच्या मित्राने दिली होती. तो गिरणीत नोकरीसाठी मुंबईला निघाला तेव्हा रीतसर कागद करून ती त्यांच्या हाती सोपवून गेला. परवान्यावर नाव आजोबांचं होतं, तरी ते शेवटपर्यंत ‘त्याची बंदूक’ असंच म्हणायचे. बंदुकीसोबत मित्राने एक अटही घातली होती: गाभण जनावरावर बार टाकायचा नाही. आजोबांनी ती आयुष्यभर पाळली.

मित्राला किंवा हाताखाली तयार होणाऱ्या पोराला शिकारीची बंदूक देण्यातला आनंद आज शहरात कोणाला समजावून सांगणं कठीण आहे. तो आनंद खोटा नव्हता. मात्र त्याचं मूळ लोखंड-लाकडात नव्हतं. ते कशात होतं, हे मुंबईच्याच एका घरात फार स्पष्ट दिसतं.

गिरगावातल्या खेतवाडीत अमिरुद्दीन तय्यबजी राहत. ते शिकारीचे शौकीन आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद. आईवडिलांवेगळा झालेला त्यांचा भाचा, १८९६ साली जन्मलेला सलीम, त्यांच्याच घरी वाढला. मामांनी या पोराला एक छऱ्याची बंदूक दिली. आजूबाजूच्या मुलांत नेमबाजीच्या चढाओढी चालत. त्या मुलांत नेम पक्का असलेला दूरचा एक भाऊ होता, इस्कंदर मिर्झा. तोच पुढे पाकिस्तानचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. दहा-अकरा वर्षांच्या सलीमने तबेल्यातल्या एका घरट्यावर पहारा देणारा चिमणा टिपला. मादीने दुसरा जोडीदार आणला, त्याने तोही टिपला. सात दिवसांत आठ नर पडले आणि दरवेळी मादीला नवा जोडीदार मिळाला. वाचताना अंगावर काटा येतो. पण या पोराने हे सगळं वहीत नोंदवून ठेवलं होतं. शिकाऱ्याच्या आत निरीक्षक जागा होतोय, हे त्या नोंदीत दिसतं.

मग १९०८ च्या सुमारास एक वेगळीच चिमणी हाती आली, गळ्यावर पिवळा डाग असलेली. ही खाण्याजोगी आहे का, असं पोराने मामांना विचारलं. मामांना उत्तर ठाऊक नव्हतं. ‘टाकून दे’ म्हणून विषय संपवता आला असता. त्यांनी त्याच्या हाती चिठ्ठी देऊन त्याला सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला, पेंढा भरलेल्या पक्ष्यांनी भरलेले खण उघडून दाखवले आणि वाचायला पुस्तकं दिली. डॉ. सलीम अली घडले ते इथून. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं ते त्या पडलेल्या चिमणीचं.

माझ्या मते मामांची खरी भेट ती चिठ्ठी. बंदूक कोणीही देऊ शकतो, बाजारात मिळते. पोराच्या हाती बंदूक दिल्यावर त्याच्या प्रश्नांची जबाबदारी घेणं, स्वतःला येत नसेल तर जाणत्याकडे धाडणं, हे प्रत्येकाकडून होत नाही.

त्याच कुटुंबातले हुमायून अब्दुलाली हेही शिकारी. १९५१ चा मुंबई राज्याचा वन्यपक्षी व वन्यप्राणी संरक्षण कायदा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान उभं राहावं म्हणूनही ते झटले. शांती नगरातून पूर्वेला दिसणारी, घोडबंदर-चेण्याकडे उतरणारी याच उद्यानातल्या डोंगरांची हिरवी रांग आज बिल्डरांच्या हातून वाचलेली आहे. त्याचं थोडं श्रेय बंदूक हाताळलेल्या हातांना द्यावंच लागेल.

जिम कॉर्बेट यांच्याही हाती एक भेट आली होती. ४३६ माणसांचा बळी घेणारी चंपावतची वाघीण त्यांनी १९०७ मध्ये मारली. तेव्हा संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्यांना .२७५ बोअरची रिग्बी रायफल दिली. तिच्या दस्त्यावर तसा मजकूर कोरलेली पट्टी आहे. कॉर्बेट यांच्या मृत्यूनंतर ती रायफल त्यांच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली. कुमाऊँच्या नरभक्षकांवरचं त्यांचं पुस्तक याच संस्थेच्या मुंबई शाखेने १९४४ मध्ये काढलं होतं. शिकाऱ्याची रायफल अनेक वर्षं पुस्तकवाल्यांच्या घरी राहिली, यापेक्षा शोभणारा वारस मला सुचत नाही.

या गोष्टी सांगताना दुसरी बाजू लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. याच काळात संस्थानिक आणि साहेबलोक यांनी पाहुण्यांसाठी हाके घालून जंगलं रिकामी केली. भारतातला चित्ता संपला. आपण मित्राला बंदूक देतो तेव्हा त्याच्या नावावर काही जनावरांचे जीवही लिहून देतो, हे त्या पिढीतल्या बहुतेकांच्या ध्यानात आलं नाही. म्हणून १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा यायलाच हवा होता, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची उरलीसुरली शिकारही थांबली ते योग्यच झालं. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक दुसऱ्याला देण्याआधी जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. एकवीस वर्षांखालच्या व्यक्तीला ती बाळगताच येत नाही. २०१९ पासून एका माणसाकडे दोनच बंदुका ठेवता येतात. पूर्वी हा धीर मित्राच्या अटीत होता, आता तो कायद्याच्या कलमात आला.

अरुणाचल प्रदेशात मार्च २०२१ पासून लोकांनी छऱ्याच्या बंदुका आपणहून सरकारजमा करायला सुरुवात केली. पाखरांसाठी बंदूक परत करणं हीही एक भेटच.

कोल्हापूरच्या महाराजांचं दाजीपूरचं शिकारीचं रान १९५८ मध्ये गव्यांचं अभयारण्य झालं. त्याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकलं. एके काळी महाराजांच्या शिकारीचं रान असलेल्या त्या तालुक्याला नेमाची नवी वाट सापडली, याचा मला मनापासून आनंद आहे. बंदूक देण्याची जुनी हौस ज्यांच्या घरात आहे त्यांनी ती इथे पुरवावी: क्लबची वर्गणी भरावी, नेमबाजीचं जाकीट घेऊन द्यावं, छऱ्यांचा डबा भरून ठेवावा. हे सगळं महाग असतं आणि सामान्य घरातली पोरं नेमकी इथेच अडतात.

आमच्या सेक्टरमधल्या एका मुलीला एअर रायफल शिकायची होती. आई-वडील दोघंही लोकलने कामाला जाणारे, कोणाला विचारावं हे माहीत नाही. मी ओळखीच्या एका जुन्या नेमबाजाला चिठ्ठी लिहिली आणि पहिल्या दिवशी तिला घेऊन गेलो. दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, हे पाहून ती हसायलाच लागली. प्रशिक्षकांनी रायफल तिच्या हातात दिली, पण छर्रा दिला नाही. तासभर तिने नुसता श्वास धरून खांद्यावर तो भार पेलला, खाली ठेवला, पुन्हा पेलला. परतीच्या गाडीत दुखणारा खांदा चोळत तिने विचारलं, ‘काका, पुढच्या वेळी छर्रा देतील ना?’