पुस्तके कपाटाबाहेर काढा

नागपुरात कळमन्याच्या बाजारात बापासोबत आलेल्या पोराला पोत्यावरचा मार्का ओळखता येतो, काट्यावरचा आकडा कळतो, हिशेबपट्टीवरचे बापाचे नावही सापडते. त्यात घरचा पैसा असतो, म्हणून तो डोळ्यांत तेल घालून बघतो. तोच पोरगा वर्गात धड्यावर अडखळला की आपण त्याला कच्चा ठरवून मोकळे होतो.

शाळकरी मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला नाही. 'असर' शहरात फिरत नाही. पण याच बाजारातल्या हमालांच्या आणि मिरची निवडणाऱ्या बायांच्या मुलांची गत फार निराळी असेल, असे मानायला आधार नाही.

फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने यावर वर्षानुवर्षे काम केले. सगळी बाराखडी घोकून होण्याची वाट बघायची नाही. चार अक्षरे आली की लगेच अर्थ असलेले शब्द आणि वाक्ये मुलाच्या हाती द्यायची. अर्थ लागला की पोर पुढचे पान स्वतःच उलटते. आपल्याकडे मात्र छापील 'डोळे' मुलाने घरच्या बोलीत 'डोये' वाचले की त्याला तिथेच थांबवतात. अहो, त्याने शब्द ओळखला, अर्थही लावला. वाचले की त्याने! घरी छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलाला तर असे थांबणे दर ओळीला सोसावे लागते. चारदा टोकलेले पोर पाचव्यांदा तोंड उघडत नाही.

आणि पुस्तके? अनेक शाळांत ती कुलूपबंद कपाटात असतात. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, बाहेर येतात आणि मोजून परत आत जातात. यात शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही. पुस्तक फाटले, हरवले तर जाब त्यांनाच द्यावा लागतो. ज्या घरात एकही पुस्तक नाही, तिथे ते कपाटातूनच जायला हवे, रात्रभर राहायला हवे. आईला अक्षरओळख नसली तरी चालेल; पोराने वाचावे आणि तिने ऐकावे.

म्हणून दोन मागण्या. वाचून फाटलेल्या पुस्तकाची वसुली शिक्षकाकडून होणार नाही, असे महापालिकेने आपल्या शाळांना लेखी कळवावे. आणि बाजार समितीने यार्डातच एक खोली द्यावी, सकाळी हर्रास चालतो त्या वेळात उघडी राहणारी. तिथे मराठी-हिंदी गोष्टींची पुस्तके असावीत, आणि मुलांना रोज मोठ्याने वाचून दाखवणारे पगारी माणूस असावे. बाजार शुल्कातून एवढा खर्च समितीला जड नाही.